मोठेबाबा ट्रान्सपोर्टमध्ये होते

आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं होतं. मोठेबाबा काय करायचे, असं कुणी विचारलं की सांगायचं, "ते ट्रान्सपोर्टमध्ये होते."

(विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी: मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. तुमच्याकडे त्यांना काका म्हणत असाल.)

मीही हेच सांगत आलो. शाळेत सांगितलं, इंजिनिअरिंगला होस्टेलवर सांगितलं. तीन वर्षांपूर्वी ताईच्या, म्हणजे मोठेबाबांच्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत माझ्या बाबांनी मुलाकडच्यांना हेच सांगितलं, तेव्हा मी शेजारी बसून मान हलवली. मोठेबाबा समोरच होते, बशीतून चहा पीत. त्यांनीही मान हलवली.

वाक्य खोटं नव्हतंच म्हणा. १९७६ ते २००८ अशी बत्तीस वर्षं मोठेबाबांनी अमरावतीहून पत्र्याच्या पेट्या वाहिल्या. कधी बडनेऱ्याहून रेल्वेच्या पार्सलने, कधी एसटीच्या टपावर, कधी ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून. दारव्हा, घाटंजी, वरूड, मोर्शी, वणी. पेट्यांमध्ये काय असायचं, तेवढं आम्ही सांगत नसू. पेट्यांमध्ये पिक्चर असायचे. आणि त्यातले बरेचसे भुताचे.

*

तर झालं असं. गेल्या पावसाळ्यात मोठेबाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे बेशाला आले. मोठी आई गेल्यापासून ते अमरावतीला एकटेच असतात. एक डोळा आधी, दुसरा महिनाभराने, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे मुक्काम लांबणार होता. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, त्यामुळे दर चार तासांनी ड्रॉप्स टाकायची ड्युटी माझ्याकडे आली. फोनवर रिमाइंडर लावून मी कॉल म्यूट करायचो, ड्रॉप टाकायचो, परत अनम्यूट. क्लायंटला अजूनही वाटतं की माझं इंटरनेट खराब आहे. :)

अशाच एका शनिवारी कॉलेजचे दोघं मित्र आले. बाहेर धो धो पाऊस, बेसा रोडवर घोटाभर पाणी, म्हणजे कुठे जाणं शक्यच नाही. मग आमचा होस्टेलचा जुना कार्यक्रम सुरू झाला. जुना हॉरर पिक्चर लावायचा आणि हसायचं. रात्री मेसचं जेवण पचवायला आम्ही चार वर्षं हेच केलं होतं. त्या दिवशी 'पुराना मंदिर' लावला. रामसे बंधूंचा, १९८४ सालचा. सामरी नावाचा सैतान, त्याचं मुंडकं एका पेटीत, धड दुसरीकडे पुरलेलं, आणि राजघराण्याला त्याचा शाप. आम्ही पॉज करकरून एकेक चेहरा बघत होतो.

मोठेबाबा आतल्या खोलीतून कधी बाहेर येऊन उभे राहिले, कळलंच नाही. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्याने टीव्हीकडे बघत होते. त्या डोळ्याला फारसं दिसत नव्हतं, पण ऐकत असावेत. एका ठिकाणी म्हणाले, "हे रीळ संपलं."

मित्र म्हणाला, "काका, तुम्ही पाहिलाय का हा?"

"पाहिला ना. बरेचदा."

"कोण पाहायचं हो असलं?"

प्रश्न मित्राने विचारला. पण हसलो मी, आणि सगळ्यांत मोठ्याने. मोठेबाबा काही बोलले नाहीत. भिंतीला हात लावत आत गेले.

सांगण्यासारखं एवढंच. भांडण नाही, तंडण नाही. पण रात्री अकराचा ड्रॉप टाकायला गेलो, तर ते झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. बत्तीस वर्षं रात्रीच्या एसटीत जागलेल्या माणसाला झोपेचं सोंग जमत नाही, हे त्या दिवशी कळलं.

*

रविवारी सकाळी मी तर्री-पोहे आणले. हा आमच्याकडे माफी मागायचा मान्य प्रकार आहे. पोहे खाता खाता मोठेबाबा म्हणाले, "तुले हसू आलं त्याचं काही नाही बेटा. आता तो पाहून मलेही हसू येते. पण लोक पैसे देऊन घाबरायले यायचे, अन् घाबरून जायचे. रात्रीच्या शोले आलेले गावाकडचे पोट्टे एकटे घरी जायचे नाहीत. थेटरात झोपायचे."

आणि मग ते बोलत राहिले. दोन रविवार. मी आधी नुसता ऐकत होतो, नंतर लिहून घ्यायला लागलो.

आपल्याला पिक्चर म्हटलं की हीरो माहीत, फार तर डायरेक्टर. मधला माणूस माहीत नसतो. निर्माता मुंबईत पिक्चर बनवतो, पण तो वणीच्या थिएटरमध्ये स्वतः घेऊन जात नाही. देशाचे इलाके पाडलेले आहेत, आणि एकेका इलाख्याचे हक्क एकेक वितरक विकत घेतो. आमच्या इलाख्याचं नाव सीपी-बेरार. हे ऐकून मला भारी गंमत वाटली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा इंग्रजांचा प्रांत, राजधानी नागपूर. १९५० साली त्याचं मध्य प्रदेश झालं, १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला. प्रांत नकाशावरून गेला, पण सिनेमाच्या धंद्यात तेच नाव चालत राहिलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असे व्हेरिएबल असतात. ज्याच्यावरून नाव ठेवलं ते कधीच गेलेलं असतं, पण नाव बदलायची हिंमत कुणाची होत नाही.

राजधानी नागपूर असली तरी वितरकांच्या ऑफिसांचं गाव अमरावती, आणि त्यांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, भुसावळला. भुसावळ का? माझा अंदाज, जंक्शन आहे म्हणून. पेटी तिथून कुठेही जाऊ शकते.

वितरक निर्मात्याला ठरलेली रक्कम आधी देतो. तिला एमजी म्हणतात, मिनिमम गॅरंटी. पिक्चर पडला तर बुडाला वितरक. मोठ्या हीरोच्या पिक्चरची एमजी देण्याची ऐपत ज्यांच्यात नव्हती ते छोटे वितरक काय करणार? ते हीरो नसलेले पिक्चर घ्यायचे. भुताच्या पिक्चरला हीरो लागत नाही, भूत लागतं. मोठेबाबांचं ऑफिस असल्यांपैकी. एक मालक, एक मुनीम, तीन रिप्रेझेंटेटिव्ह. मालकाकडे रामसेंचे दोन-तीन पिक्चर होते. तेही पहिल्या धावेचे नव्हेत. मोठ्या शहरात चालून झाले की दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला छोट्या गावांत फिरवायचे.

रिप्रेझेंटेटिव्हचं काम ऐकायला सोपं आहे. पेटी घेऊन जायची, आणि पैसे घेऊन यायचे. अडीच तासांचा पिक्चर म्हणजे चौदा-पंधरा रिळं. एक मिनिट म्हणजे नव्वद फूट फिल्म, हिशोब करा, चार किलोमीटर होते. मोठेबाबा बुकिंगच्या खिडकीमागे स्टुलावर बसून प्रत्येक शोची तिकिटं मोजायचे आणि डीसीआर भरायचे. डीसीआर म्हणजे डेली कलेक्शन रिपोर्ट. कारण मालकांपैकी काही जण घरचेच पाहुणे बसवल्यासारखे साठ-सत्तर लोक बिनहिशोबी बसवायचे. "अंधार झाला की मी मागून जाऊन मुंडकी मोजायचो," मोठेबाबा म्हणाले. "सामरीचं एक सोडून."

कधी एकच प्रिंट दोन गावांत चालायची. एका थिएटरमध्ये चार रिळं झाली की ती घेऊन पोरगा सायकलवर, नाहीतर मिळेल त्या गाडीने, दुसऱ्या गावाला. पुलावर पाणी आलं की दुसऱ्या गावाचं पब्लिक मधल्या मधे अडकलेलं. एकदा रिळांची अदलाबदल झाली आणि शेवट आधी दाखवला गेला. कुणीही तक्रार केली नाही. "भूत मेलं अन् परत आलं, लोकायले वाटलं असंच असन."

घाण बाजूही त्यांनी सांगितली, मी विचारायच्या आधीच. सेन्सॉरने कापलेल्याच नव्हे, भलत्याच पिक्चरचे तुकडे मध्येच जोडून दाखवणारे थिएटरवाले होते. रात्रीच्या शोला. प्रिंट परत आली की मोठेबाबा ती हाताने उलगडून असे जोड शोधायचे आणि कापून टाकायचे. "आमच्या नावावर आमचं भूत तेवढं चालू दे, बाकी नको." पण सगळेच शोधता यायचे नाहीत, आणि बदनामी पिक्चरची व्हायची, पर्यायाने त्यांची. ट्रान्सपोर्ट हा शब्द तिथून आला. मोठी आईच्या माहेरी कुणीतरी काहीतरी बोललं होतं. त्यानंतर मोठी आईनेच तो शब्द काढला, आणि सगळ्यांनी उचलला.

*

मग मी रामसेंबद्दल वाचायला लागलो. (हा माझा जुना आजार. एक टॅब उघडला की चाळीस उघडतात.)

फतेहचंद रामसिंघानी हे फाळणीपूर्वीचे कराचीचे, रेडिओच्या दुकानाचे मालक. इंग्रज गिऱ्हाइकांना आडनाव झेपेना, म्हणून रामसे झालं. फाळणीनंतर मुंबईत आले, पुन्हा रेडिओचं दुकान थाटलं, लॅमिंग्टन रोडला. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हा रस्ता सांगायला नको, प्रोजेक्टसाठी एकेक आयसी शोधत आपण तिथे हिंडलोय. आणि त्याच रस्त्यावरच्या नाझ बिल्डिंगमध्ये पिक्चरच्या धंद्याची, वितरकांची ऑफिसं. म्हणजे रेडिओ दुरुस्त करता करता माणूस सिनेमात जाणं हे तिथल्या हवेतच असावं.

१९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आला आणि पडला. पण त्यात मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरी करायला येतात तो प्रसंग बघायला लोक परत परत येत होते. हे तुलसी आणि श्याम या मुलांनी थिएटरमध्ये बसून पाहिलं. लोकांना बाकीचा पिक्चर नको होता, भीती हवी होती. आमच्या भाषेत याला युजर रिसर्च म्हणतात, आणि त्यासाठी आम्ही पन्नास स्लाइड करतो. पोरांनी बापाला पटवलं. मग सात भाऊ मिळून सगळं: कुमार लिहायचा, गंगू कॅमेरा, किरण आवाज, अर्जुन संकलन, केशू प्रकाश आणि कॅमेरा, तुलसी-श्याम दिग्दर्शन. शिकले कुठे? जोसेफ मॅसेली या अमेरिकन कॅमेरामनच्या छायाचित्रणावरच्या पुस्तकातून. 'दो गज जमीन के नीचे' १९७२ साली आला. महाबळेश्वरला जाऊन, सरकारी गेस्ट हाऊसमध्ये राहून, थोडक्या माणसांत आणि थोडक्या पैशांत केलेला. साडेतीन लाखांत झाला असं सांगतात. सेटचा खर्च नाही, सगळे घरचेच.

त्यानंतर वाडे, जंगलं, धुकं. आणि सामरी. सामरी झालेला अजय अगरवाल हा उंच, विचित्र चेहऱ्याचा माणूस मुळात रुरकीचा सिव्हिल इंजिनिअर! हे वाचल्यावर मी होस्टेलच्या ग्रुपवर मेसेज टाकला: पोट्टेहो, आपण चार वर्षं आपल्याच सीनिअरला हसत होतो. हाच माणूस पुढे १९९४ साली 'बॅंडिट क्वीन'मध्ये बाबू गुज्जर झाला.

'पुराना मंदिर' प्रचंड चालला, त्याच्या मागून भुतांची रांग लागली. 'तहखाना', 'वीराना', 'पुरानी हवेली', १९९० ला 'बंद दरवाजा'. मग १९९३ पासून 'झी हॉरर शो' सुरू झाला, आणि भूत घरी फुकट यायला लागलं. मोठेबाबा म्हणतात, धंद्याला पहिला खड्डा तिथे पडला.

पिक्चर चांगले होते का? मी आता नीट बसून चार पाहिलेत. खरं सांगायचं तर मधले विनोदी तुकडे अजूनही असह्य आहेत, आणि बायकांना दाखवण्याची नजर अशी की आईसमोर मी लावणार नाही. पण वाड्याच्या बोळातून कॅमेरा सरकतो, खालून हिरवा-निळा उजेड येतो, आणि पलीकडे कुणीतरी आहे एवढंच कळतं, ते अजूनही जमलेलं आहे. हसता हसता पॉज करत पाहिलं तर ते दिसत नाही. भीतीला सलग वेळ लागतो.

आणि ती भीती लोकांपर्यंत पोचवण्यात थोडी नाटकं लागायची, ती मोठेबाबांची. गावात पोचलं की पहिल्यांदा सायकल रिक्षावर भोंगा. कमजोर काळजाच्या माणसांनी येऊ नये, वगैरे. एका थिएटरच्या दारात त्यांनी स्ट्रेचर ठेवलं होतं. ओळखीच्या दवाखान्यातून मागून आणलेलं. शेजारी पांढरा कोट घातलेला मुलगा, तो खरं म्हणजे पानठेल्यावर काम करायचा. पहिल्याच शोला कोटवाला मुलगाच पिक्चर बघून घाबरला आणि पळाला. दुसऱ्या दिवशी हाउसफुल.

मी त्यांना सांगितलं की अमेरिकेत विल्यम कॅसल नावाच्या माणसाने १९५८ साली 'मकाब्र' पिक्चरच्या प्रेक्षकांना भीतीने मेल्यास हजार डॉलरचा विमा दिला होता. आणि २००८ ला आपल्या राम गोपाल वर्माने 'फूंक' एकट्याने बघणाऱ्याला पाच लाखांचं बक्षीस लावलं होतं. मोठेबाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हजार डॉलर? आमच्या मालकाने स्ट्रेचरच्या रिक्षाचे आठ रुपये दिले नाहीत."

*

दुसऱ्या रविवारी मी विचारलं, त्या प्रिंटचं काय झालं?

मला वाटलं होतं कुठेतरी पडली असेल. गोडाऊन वगैरे. एखादं रीळ मिळालं तर फ्रेम करून भिंतीवर लावू, असला माझा विचार. इन्स्टाग्रामचा परिणाम.

"तोडली," मोठेबाबा म्हणाले. "मीच तोडली."

हक्क ठरलेल्या वर्षांचे असतात. मुदत संपली की प्रिंट नष्ट करायची, म्हणजे पुढे कुणी चोरून चालवू नये. ऑफिसच्या मागच्या अंगणात रिळं रचायची आणि कुऱ्हाड घालायची. दोन घाव, रीळ निकामी. मग भंगारवाला वजनावर न्यायचा. काळ्या-पांढऱ्या पिक्चरला भाव जास्त, कारण त्या फिल्ममध्ये चांदी राहते. रंगीत फिल्म धुतानाच चांदी निघून जाते, म्हणून रंगीत भुताला भंगारातही किंमत कमी. "सामरीचे पंधरा डबे होते. पहिल्याच रिळावर कुऱ्हाड अडकली."

बत्तीस वर्षांत अशा किती प्रिंट तोडल्या, हे त्यांनी मोजलेलं नाही. तिकिटं मोजणाऱ्या माणसाने.

पुढे २००५ नंतर यूएफओ मूव्हीजसारख्या कंपन्या उपग्रहावरून पिक्चर थेट थिएटरमध्ये पाठवायला लागल्या. पेटी नको, एसटी नको, पुलावरचं पाणी नको. इंजिनिअर म्हणून मला ते फारच सुंदर सोल्यूशन वाटतं. मोठेबाबा २००८ ला घरी बसले.

*

आता गोष्ट थोडी लांब जाते, इंग्लंडला.

पीट टूम्ब्स नावाचा एक इंग्रज लेखक. त्याने १९९७ साली 'मोंडो मकाब्र' नावाचं पुस्तक लिहिलं, जगभरच्या विचित्र सिनेमावर. फिलिपाइन्स, इंडोनेशिया, तुर्कस्तान, मेक्सिको, ब्राझील आणि भारत. ज्या पिक्चरांचं नाव त्या त्या देशातले शहाणे लोक घेत नाहीत असे. नंतर त्याने अँडी स्टार्कबरोबर त्याच नावाची डीव्हीडी कंपनी काढली. मोठा स्टुडिओ नाही, पाठीशी कुणी नाही. देशोदेशी जायचं, म्हातारे निर्माते शोधायचे, हक्क घ्यायचे, जी फिल्म मिळेल ती मिळवायची. २००३ साली त्यांनी पाकिस्तानातला 'जिंदा लाश' काढला, १९६७ सालचा, उर्दू ड्रॅक्युला. तिथेच न थांबता टूम्ब्सने इस्लामाबादच्या उमर अली खान या आइस्क्रीमचं दुकान चालवणाऱ्या शौकिनाबरोबर मिळून २००७ ला 'जिबाहखाना' हा पिक्चरही केला. ज्या सिनेमाचं वितरण करायचं तो संपत आला, तर नवीनच बनवायचा. वेड लागल्याशिवाय हे होत नाही.

आणि २००६ साली त्यांनी 'बॉलिवूड हॉरर कलेक्शन'चा पहिला भाग काढला. 'बंद दरवाजा' आणि 'पुराना मंदिर'. पुढे आणखी दोन भाग आले. २०२३ साली सहा पिक्चर एका खोक्यात, ब्लू-रेवर, फिल्मवरून नव्याने स्कॅन केलेले.

तारखा जुळवा. २००६ ला तिकडे एक माणूस रामसेंची भुतं डब्यात भरून जगभर पाठवत होता. आणि इकडे अमरावतीत मोठेबाबा शेवटची दोन वर्षं पेट्या वाहत होते. दोघांचा धंदा एकच. एकाला विचारलं तर तो अभिमानाने सांगेल, मी भुताचे पिक्चर लोकांपर्यंत पोचवतो. दुसरा ट्रान्सपोर्टमध्ये.

मी हा खोका मागवायचा ठरवला. डलासहून सुट्टीवर येणाऱ्या टीममेटला गळ घातली. तो म्हणाला, तुझी मागणी पहिली आहे ज्यात आयफोन नाही. खोका आला, पण ब्लू-रे लावणार कशात? यूएसबी ड्राइव्ह मागवला, तो टीव्हीशी बोलेना, लॅपटॉप डिस्क वाचेना. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. प्रॉडक्शनचा इश्यू मी इतक्या चिकाटीने कधी सोडवलेला नाही.

तोवर मोठेबाबांचा दुसरा डोळाही झाला होता. पट्टी निघाली. दिवाळीत पुण्याहून ताई आणि भाऊजी आले. संध्याकाळी सगळे हॉलमध्ये, आई फराळाचं देत होती. मी काही न सांगता खोका मोठेबाबांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, चष्मा काढला, परत लावला. वरचं इंग्रजी वाचलं. मागे उलटून पिक्चरांची नावं वाचली. त्यातल्या दोन नावांवर अंगठा ठेवला.

"कुठं छापलं हे?"

मी सांगितलं.

"विकलं जाते?"

"जाते. माझ्या मित्राने पैसे देऊन आणलंय."

भाऊजी म्हणाले, हे काय आहे? बाबा सवयीने म्हणाले, "काही नाही हो, जुने पिक्चर. दादा ट्रान्सपोर्टमध्ये…" आणि थांबले. कोणीच काही बोललं नाही. मी पिक्चर लावला.

चित्र इतकं स्वच्छ होतं की मीच दचकलो. आम्ही होस्टेलवर पाहिलेला तो सगळा चिखल होता, हे आता कळलं. वाड्याच्या भिंतीवरचा ओलावा दिसत होता. मोठेबाबा पुढे सरकून बसले, पण ते चेहऱ्यांकडे बघत नव्हते. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होते. साधारण दहा मिनिटांनी त्यांनी बोट उचललं.

"इथं ठिपका यायचा."

रीळ संपत आलं की उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका येतो, ऑपरेटरला इशारा. सात-आठ सेकंदांनी दुसरा, की बदलायचं रीळ. आता तो कुठेच नव्हता, पुसलेला. पण मोठेबाबांचं बोट प्रत्येक वेळी बरोबर उठत होतं. दोन, तीन, चार.

भाऊजींनी विचारलं, "बाबा, तुम्हाला कसं माहीत?"

मोठेबाबांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "मी भुताच्या पिक्चरचा रिप्रेझेंटेटिव्ह होतो. बत्तीस वर्षं," ते म्हणाले. "हा पिक्चर मी कुऱ्हाडीनं तोडला होता."

ताई हातातली चकली तशीच धरून बसली होती. मग हळूच म्हणाली, "बाबा, स्ट्रेचरची गोष्ट सांगा ना." म्हणजे तिला माहीत होतं. लहानपणी केव्हातरी त्यांनी सांगितलेलं होतं आणि इतकी वर्षं ती आमच्याचसारखी मान हलवत होती.

त्यांनी स्ट्रेचरची गोष्ट सांगितली. पुलावरच्या पाण्याची सांगितली. भाऊजी इतके हसले की पिक्चर दोनदा मागे न्यावा लागला. मध्यंतर आलं तेव्हा मोठेबाबा उठले, टेबलावरचं एक जुनं पाकीट घेतलं, पेन मागितलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला उभ्या रेघा ओढून काहीतरी लिहायला बसले. दुसऱ्या डोळ्याला अजून जवळचा नंबर मिळालेला नव्हता, त्यामुळे अक्षर मोठं आणि वाकडं आलं आहे. ते पाकीट आता माझ्या टेबलासमोर चिकटवलेलं आहे.

'पुराना मंदिर'. मुक्काम बेसा. शो: रात्रीचा. प्रेक्षक: पाच. पास: एक.